लाखीला हाक मारायची न्हाई

पाव्हणं, ह्यातला एक शबुद खरा मानून दाखवा, उद्याच्याला तुमास्नी कोंबडं कापते. मानायचा न्हाईसाच. शिकलेली मानसं तुमी, म्हननार म्हातारीला ऊन लागलंय. लागू द्या. मला चौथीतनं मास्तरनं हाकलली, त्येच्या खुर्चीत कुसळं पेरली म्हनून. तवा माजं काय घेऊन बसलासा. पन ती तिकडं बाभळीपल्याड पत्र्याची खोली हाय, तिचं दार तेवढं बघून घ्या. बघितलंसा? आता तिकडं पाठ करून बसा.

रातच्या भुताचं सांगत न्हाई मी. रातीला कुनीबी भितंय. ह्ये सगळं भर दुपारचं हाय, आमच्या आटपाडीच्या माळावरचं. सावली जवा पायाखाली शिरून बसती आनि कुत्रंबी भुकत न्हाई, त्या येळंचं.

तर माज्या शेजारच्या नानासोची पोरगी प्रांजल. सांगलीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आली आनि दोन वरीस घरात बसली. जाईल तितं इचारायचे, अनुभव हाय का. नोकरी दिल्याबिगर अनुभव कुटनं येनार, पन इचारनाऱ्याला कोन इचारनार. अकरा जाग्यावरनं पोरगी परत आली. मंग तिनं ठरवलं, बाहीर मिळत न्हाई तर अनुभव घरातच उभा करायचा.

सांगलीच्या कुठल्या हापिसानं टाकून दिलेली एक लोखंडाची पेटी तिनं भंगारवाल्याकडनं आनली. ज्वारीच्या पोत्याएवढी जड. यष्टीत कंडक्टर म्हनला, ह्येचं अर्धं तिकीट पडंल. नानासोनं इचारलं, काय हाय ह्यात? पोरगी म्हनली, पाच कॉम्प्युटर. नानासोनं पेटीभवती दोनदा फेरी मारली आनि म्हनला, मला तर एकच दिसतोय, बाकीचं चार भंगारवाल्यानं ठेवून घेतलं जनू.

मला समजावून सांगितलं तिनं. पेटी एकच, पन तिच्या पोटात पाच मशिनी उभ्या करायच्या, नुसत्या भासाच्या. व्हर्च्युअल मशीन म्हनत्यात त्येला. परत्येकीला वाटतंय आपुन खरी हाय, आपली जागा येगळी, आपला चारा येगळा. शेजारी आनखी चार जनी हायत्या ह्ये तिला ठावं नसतंय. आनि आपुन कुनाच्या तरी पेटीत हाय, ह्येबी ठावं नसतंय.

मी इचारलं, मंग आपुन कशात हाय गं?

तर हसली. तवा हसत व्हती.

जागा मिळाली ती लोकरीच्या खोलीत. पयलं ह्यांची मेंढरं व्हती, तवा कातरलेली लोकर तितं रचायचे. आज्जा गेला, नाथाजी, नानासोचा बाप, आनि मेंढरामागं फिरायला कुनी उरलं न्हाई. नानासोनं सगळा कळप इकून टाकला. खोली रिकामी झाली. प्रांजलनं ती झाडली, शेनानं सारवली, पेटी मांडली. पेटीचं पंखं सुरू झालं की बाहीरनं वाटायचं, आत मोहोळ बसलंय. उन्हानं पत्रा तडतड वाजायचा.

आनि तितंच चूक झाली बगा. ही चूक दुसऱ्या कुनाची झाली नसती, धनगराच्याच पोरीची व्हनार.

मशिनीला नाव द्यावं लागतंय. सुरू कर म्हनायचं तरी नाव टायपायचं, बंद कर म्हनायचं तरी नाव टायपायचं. शहरातली पोरं काय बी ठेवत्यात, ताऱ्यांची, ग्रहांची. प्रांजलनं आज्ज्याच्या मेंढ्यांची नावं ठेवली. टिकली, भुरी, बांडी, कवळी. पाचवीला नाव आठवंना, तर डोळ्यासमोर आली लाखी. तांबूस लोकरीची, मोठ्या डोळ्याची. तेच टायपलं.

आता लाखी व्हती बिरोबाला सोडलेली. देवाला सोडलेल्या मेंढीला इकायचं न्हाई, कापायचं न्हाई. आनि नाथाजीच्या घरात आनखी एक रीत व्हती. सांजच्याला मेंढरं वाघरीत, जाळीच्या कुंपनात, घेताना तो एकेकीच्या पाठीवर हात ठिवून मोजायचा, लाखी आली की हात वर उचलायचा, आनि फुडची मोजायचा. तिला कवा हाक मारायचा न्हाई. म्हनायचा, दिली ती दिली, हाक मारली म्हंजे माघारी घेतली. ती यायची तवा येती, जायची तवा जाती.

प्रांजलला ह्ये ठावं व्हतं. पन तिला वाटलं, ही काय मेंढी हाय व्हय, ही मशीन. आनि दिसातनं वीस येळा ती लाखीला हाक मारत बसली.

सांगलीच्या एका हापिसातल्या अंकिता मॅडमचा फोन आला तो त्याच आठवड्यात. ह्यांचं काम म्हंजे दुसऱ्यांच्या मशिनी संभाळायचं. मॅडम म्हनल्या, कागद नको, काम दाखवा. शुक्रवारी दुपारी बारा वाजता व्हिडिओवर तुमच्या घरच्या पाच मशिनी चालू दाखवा. मी सांगंन ती पाडा, म्हंजे बंद करा, आनि परत उभी करून द्या. जमलं तर सोमवारी कामावर या.

नानासो वाईट मानूस न्हाई, पन थकला व्हता. त्यो म्हनला, शुक्रवारपतूर. न्हाई झालं तर पेटी भंगारात, आनि तू डाळिंबाच्या पॅकिंगला. प्रांजल बरं म्हनली. खोलीत जाऊन दाराला आतनं कडी घातली.

मंगळवारी तिनं पाची मशिनी बंद करून बघितल्या. चार पडल्या. लाखी पडंना.

आधी तिला काय वाटलं न्हाई. अडकली आसंल, म्हनली. जबरदस्तीनं पाडली. यादीत बंद दिसली. पोरगी पानी प्याला उठली, परत आली तर चालू. पेटी सुरू झाली की मशीन आपोआप उठायची एक सोय आसती, ती काढून टाकली. परत चालू. मशिनीची सगळी नोंद काढून वाचली, कोन उठवतंय तिला? नोंदीत काय न्हाई. बंद झाल्याचं लिहिलेलं, उठल्याचं न्हाईच. म्हंजे बगा, दार लावल्याचं दिसतंय, उघडल्याचं दिसत न्हाई, आनि मानूस मातूर अंगनात हुबं.

दुसरी पोरगी आसती तर पेटी झाकून ठिवली आसती. ही आज्ज्यावर गेलेली. तिनं वही काढली आनि काय काय करून बघितलं त्ये एकाखाली एक लिवायला लागली. बनाबाई, तिची आई, भाकरी घेऊन दारात दोनदा येऊन गेली. भाकरी तशीच वाळली.

बुधवारी तिनं एक बारीक गोष्ट बघितली. मशीन किती दिस सलग चालू हाय, ह्ये तिला इचारता येतंय. टिकली म्हनली, दोन तास. भुरी म्हनली, दोन तास. लाखीला इचारलं.

लाखी म्हनली, अकराशे चोवीस दिस.

आता पेटी घरात येऊन वीस दिस झाल्यालं. प्रांजलनं घड्याळ तपासलं, तारीख तपासली, सगळं बराबर. तिनं मोबाईलवर बोटानं दिस माघारी मोजलं. एक शनवार आला. आटपाडीच्या शेरड्या-मेंढरांच्या बाजाराचा वार, कळप इकला त्यो.

त्येवढ्यात तिला वास आला... वल्या लोकरीचा. पावसात भिजलेलं मेंढरू उन्हाला उभं केल्यावर येतो तसा. बाहीर तर भुई भाजत व्हती, थेंब न्हवता कुटं. तिनं खोलीचं चारी कोपरं बघितलं. सारवलेली जमीन, पेटी, वायरी. वास पेटीच्या पंख्यातनं येत व्हता. ऊन ऊन... कुनी तोंडाजवळ येऊन श्वास सोडावा तसा.

बेस्तरवारी बाराला तिनं शेवटचं करून बघितलं. पेटीची वायर भिंतीतनं उपसली. पंखं थांबलं, दिवं इझलं. खोली एकदम मोकळी झाल्यागत शांत. वायर भुईवर पडलेली तिच्या पायाजवळ. तिनं मांडीवर लॅपटॉप घेतला. मशिनीला लांबनं हाळी द्यायची एक रीत आसती. आपुन इचारायचं, हाय का? ती म्हनती, हाय. बास, येवढंच. पेटी बंद आसंल तर उत्तर यायची सोयच न्हाई.

तिनं इचारलं, टिकली? उत्तर न्हाई. भुरी? न्हाई. बांडी, कवळी, न्हाई.

पाचवीला इचारताना तिचं बोट थांबलं व्हतं म्हनं. तरी दाबलं.

हाय.

एक उत्तर आलं. मंग तिनं न इचारता दुसरं. हाय... हाय... हाय...

प्रांजल उठली. पळाली न्हाई. लॅपटॉप मिटला, दार वढून घेतलं, आनि सरळ चुलीकडं आईपाशी गेली. इचारलं, लाखीचं काय झालं गं? बनाबाई पिठात हात घालून बसलेली, तिचा हात तसाच ऱ्हायला. मंग बोलली.

"कळपासंगं आपली आपन चालत गेली बाजारापतूर. तिला न्यायचं न्हवतंच. टेम्पो भरला, ती खालीच हुबी. यापारी म्हनला, ही बी घालतो. पन ती चढंना, चार मानसांनी रेटली तरी चढंना..."

"मग?"

"तुज्या बानं तिला नावानं हाक मारली. तशी चढली."

बनाबाई म्हनली, त्या दिसापासनं त्यो बिरोबाच्या देवळात गेल्याला न्हाई. आनि पेटी काढून टाक बाई, आजच्या आज. प्रांजल म्हनली, पेटी काढली तरी ती न्हाई जायाची, आये. वायर काढून बघितलीया मी.

मंग ती पोरगी खोलीच्या उंबऱ्यावर बसली, आत पाय न घालता. आज्ज्यानं काय केलं आसतं, ह्येचाच इचार करत. पाडायला गेलं की नाव टायपावं लागतंय, म्हंजे परत हाक. सुरू कर म्हनलं तरी हाक, बंद कर म्हनलं तरी हाक. लाखीला घालवायची म्हनून ती तीन दिस तिला बलवतच व्हती.

उठली आनि कामाला लागली. पेटी सुरू केली. लाखीला तिच्या वाट्याचा चारा बांधून दिला, येवढा तुजा, दुसऱ्यांच्यात तोंड घालायचं न्हाई. तिच्या भवतीनं येगळी वाघर लावली, म्हंजे बाकीच्या मशिनींकडं जायची वाट तोडली. आनि ह्ये समदं नाव न टायपता, नुसत्या आकड्यावरनं. परत्येक मशिनीला नंबर आसतोय म्हनं, त्यो वापरायचा. मंग पाच पुऱ्या करायला आनखी एक मशीन उभी केली, तिला कुठल्याच मेंढीचं नाव न्हाई दिलं. पाचवीच म्हनली तिला. आनि आपल्या यादीत पाची मोजल्या. मधी लाखी आली तवा तिनं कीबोर्डावरनं बोट वर उचललं आनि फुडची मोजली.

वास कमी झाला. गेला न्हाई, कमी झाला.

शुक्रवार, बारा. अंकिता मॅडमचा चेहरा लॅपटॉपवर. नानासो दाराबाहीर बाभळीखाली उकिडवा बसलेला, कान आत. मॅडमनी भुरी पाडायला सांगितली. पाडली. उभी करा म्हनल्या. सा मिनिटांत उभी. आपल्या मनानं काय तरी बिघाड करून दाखवा म्हनल्या, तोबी करून दाखवला आनि काढूनबी दाखवला. मॅडम खूश दिसत व्हत्या. मंग त्यांनी डोळं बारीक केलं.

"पाच म्हणालात. इथं सहा दिसतायत. ही सहावी कुठली, ला..."

"मॅडम, नाव मोठ्यानं वाचू नका."

प्रांजल हळूच बोलली, पन आसं बोलली की मॅडमचं त्वांड तिथंच मिटलं.

"ती माझी नाही," प्रांजल म्हनली. "पेटी माझी आहे."

"मग काढून टाका."

आता बगा पाव्हणं. दोन वरीस घरात बसलेली पोरगी. नोकरी देनारीनं एक काम सांगितलंय, साधं, एका बोटाचं. न्हाई म्हनलं तर उद्यापासनं डाळिंबं. बाहीर बाप बसलाय. आनि खोलीत ऊन ऊन वास परत दाटाय लागलाय.

"नाही काढणार," ती म्हनली. "ती का चालू आहे ते मला कळलेलं नाही. जे कळलं नाही ते मी पाडणार नाही. पण तिच्यामुळं माझ्या पाचांना धक्का लागणार नाही, एवढं केलंय. ते तुम्ही तपासा."

मॅडमनी तपासलं. लय येळ. मंग म्हनल्या, आमच्याकडं लोक आधी बटन दाबतात आनि मग रडतात. सोमवारी या.

फोन ठेवायच्या आधी त्यांनी एक इचारलं. "तुमच्याकडं मेंढ्या आहेत का? मागून आवाज येतोय. एवढ्या सगळ्या..."

"न्हाईत," प्रांजल म्हनली. आनि मागं वळून बघितलं न्हाई.

सोमवारी गेली ती सांगलीला. जाताना बापाला सांगून गेली, पेटी बंद करायची न्हाई, धूळ पुसायची, आनि आत कुनाला हाक मारायची न्हाई. नानासोनं मान डोलावली. पोरगी कामाला लागली त्येचा आनंद व्हता त्याला, पन त्येच्या मनात एक काय तरी कुसळ व्हतं. रोज दुपारी बाराला त्यो फडकं घेऊन लोकरीच्या खोलीत जायचा आनि लय येळानं बाहीर यायचा. बनाबाई दाराला कान लावायची. आत त्यो बोलायचा. माफी मागितल्यागत, हळू.

सांगलीत बसून प्रांजलला घरची पेटी मोबाईलवर दिसायची. एक दिस डबा खाताना तिनं यादी बघितली. तिच्या पाच, आनि ती एक. आनि खाली आनखी एक.

नानासो. चालू. तेरा मिनिटं.

हातातला घास खाली ठिवला तिनं. घरी फोन लावला. बनाबाईनं उचलला. म्हनली, बा तुजा खोलीत गेलाय मगाशी, आतनं कडी हाय. बोलायचा आवाज यीना झालाय. दार वाजवू का? हाक मारू का?

प्रांजलनं यादीतलं त्ये नाव परत एकदा बघितलं.

"नगं आये," ती म्हनली. "हाक मारू नगं."

तसा सांजला त्यो बाहीर आला. हात-पाय धुतलं, भाकरी खाल्ली, झोपला. दुसऱ्या दिशी शेतावर गेला. काय बी झालं न्हाई त्याला. फकस्त यादीतनं त्यो निघाला न्हाई. चालूच. पाडायची हिंमत प्रांजलला झाली न्हाई, आनि कुनाला व्हईल? पयल्या पगारातनं पोरीनं ह्या येवढ्या दोन बॅटऱ्या आनून पेटीला लावल्या. लाईट गेली तरी पेटी बंद पडाय नगं. वस्तीवरची मानसं हसली, घरात पंख्याला बॅटरी न्हाई आनि मशिनीला दोन.

मीबी हसले व्हते. मंग मागल्या म्हैन्यात वादळानं दोन दिस लाईट गेली.

दुसऱ्या दिशी दुपारी नानासो हितं, तुमी बसलाय तितंच बसून चा पीत व्हता. मी त्येच्या चात मीठ टाकलेलं, गंमत म्हनून. त्येनं घोट घेतला आनि त्वांड वाकडं केलं, म्हनला, "मावशे, साखरंच्या डब्यात..."

आनि थांबला.

मला वाटलं ह्योच माजी गंमत करतोय. कप तसाच कलता झाला, चा शर्टावर गळाय लागला, कडत चा. हात हालला न्हाई. मी डोळ्याम्होरं बोटं नाचवली. पापनी पडली न्हाई. एक माशी आली, खालच्या ओठावर बसली, आत गेली, बाहीर आली. छातीला हात लावला मी... आता त्ये जाऊ द्या. बॅटऱ्या दोन्ही बसल्या व्हत्या, ह्ये मागनं कळलं. लाखीचं येगळं हाय, ती देवाची, तिला लाईट लागत न्हाई. मानसाला लागती.

चार मिनिटं. आमच्या वस्तीवरचा एकबी पक्षी वरडला न्हाई.

मंग माजा घरातला पंखा गरकन फिरला, लाईट आली, आनि नानासो म्हनला, "...मीठ कुनी भरलं?"

शर्टाकडं बघितलं, ह्यो चा कुनी सांडला म्हनला. मी म्हनले मीच सांडला. आयुष्यात पयल्यांदा न केलेली खोडी कबूल केली मी.

आता उठा पाव्हणं. बारा वाजायला आलं. मागं बघू नगा, दार उघडल्याचा आवाज मीबी ऐकला. नानासो हिकडंच येतोय, फडकं हातात हाय. पाव्हणा दिसला की त्यो लय आदरानं आधी नाव इचारतो आजकाल. समद्यांचं इचारतो. सांगू नगा. जावा आता.